जमिनीचा ताप आणि आईचा चहा

पहिला बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी

ती. प्रोकोपी दाजी यांना,

तळ्याकाठच्या आळीतून, ज्याच्या चारही भिंती अजून जागेवर आहेत अशा घरातून, तुमचा एकुलता एक मेव्हणा गाव्रिल याचा कमरेत वाकून नमस्कार. (कमरेत वाकून हे अक्षरशः घ्या. गवताच्या गंजी रचताना कंबर जी धरली ती अजून सुटलेली नाही.) तुमचा गुडघा काय म्हणतो? नारीयाताईचं ब्लडप्रेशर ताब्यात आहे ना, की तुम्ही पेपर मोठ्याने वाचायला लागलात की अजूनही चढतं? इकडे आईची तब्येत ठणठणीत आहे, इतकी की तिच्या तब्येतीचा ताण आम्हा बाकीच्यांच्या तब्येतीवर येतो. आपण समोरासमोर असतो तर रिवाजाप्रमाणे तुम्ही "सांग" म्हणाला असता, मी "काही विशेष नाही, तुम्हीच सांगा" म्हणालो असतो, तुम्ही "आमचं कसलं काय, तू सांग" म्हणाला असता, आणि किटली रिकामी झाल्यावर कुठे बातमीला तोंड फुटलं असतं. पत्रात तेवढी चैन परवडत नाही, म्हणून तुम्ही दोनदा "सांग" म्हणालात असं धरून मी सुरू करतो.

आता तुम्ही म्हणाल, फोन करायचा सोडून हा पत्र कशाला लिहीत बसलाय. दाजी, आपल्या आळीत रेंज येते ती फक्त आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, आणि तीही कुंडी जरा बाजूला सरकवली तर. तिथे उभं राहून मी तुमच्याशी बोलायचं, आणि आईने चुलीपाशी बसून "मला काही ऐकू येत नाही, तुमचं चालू द्या" असं म्हणत माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायची. आज जे सांगायचं आहे त्यातलं निम्मं तिच्याबद्दलच आहे. तेव्हा पत्रच बरं. शेजारचा किरील उद्या आपली खटारा गाडी घेऊन शहरात येतोय, त्याच्या हाती देतो.

तर तुम्हाला ठाऊकच आहे की यंदा वसंताच्या आधी, जमीन अजून कडक असताना, शहरातल्या संस्थेची माणसं यंत्र घेऊन आली आणि त्यांनी आपल्या परसात, गोठा आणि मांसाचं तळघर यांच्या मधोमध, एक खोल भोक पाडलं. त्यात लोखंडी नळी घातली, नळीत तार सोडली, तारेला थोड्या थोड्या अंतरावर तापमापक बांधले आणि वर झाकण लावलं. खालची जमीन किती गोठलेली आहे हे त्यातून कळतं. तशी ती पणजोबांच्या पणजोबांपासून दगडासारखी गोठलेलीच, म्हणून तर तिच्यावर घरं उभी आहेत. पण हल्ली उन्हाळे रेंगाळतात, कुंपणं पिऊन घरी निघाल्यासारखी कलतात, तळघरात घोड्याच्या मांसाखाली ओल धरते. तेव्हा जिल्ह्याने ठरवलं की आकडे बरे आले तर आळी जिथे आहे तिथे, वाईट आले तर सगळी घरं सोडून वर टेकाडावर. आईने हे ऐकलं त्याच दिवशी जाहीर केलं की या घरात मी सून म्हणून उभी आले, जाईन ती आडवी. त्यामुळे आकडे बरे येणं मला किती गरजेचं होतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आणि या भोकाचा निरीक्षक म्हणून नेमणूक झाली माझी. (इतकी वर्षं शाळेचा बॉयलर सांभाळल्यामुळे गरम-थंड यातलं मला कळतं, असं सरपंचबाईंचं मत. बाकीचे सगळे त्या दिवशी मासे धरायला गेले होते, असं किरीलचं मत.) काम असं की अधूनमधून वाचनयंत्र तारेला जोडायचं, आकडे उतरवायचे आणि आईच्या खिडकीतून संस्थेतल्या डॉक्टर तुयाराला फोनवर सांगायचे. तुयारा म्हणजे पलीकडच्या गावची, आपल्यातलीच पोरगी, शिकून मोठी झाली तरी पायातले बूट दारात काढते. पहिल्या दिवशी मी टाय लावून परसात गेलो. गाय बिथरली. आई दारात येऊन म्हणाली, काय रे वाकून वाकून बघतोस त्या नळीत? आता शास्त्र हे नेहमी सोप्या भाषेत सांगावं असं तुयारानेच मला शिकवलेलं, म्हणून मी म्हटलं, "जमिनीला ताप आलाय का ते बघतोय." आई म्हणाली, "बरं." दाजी, आईचं "बरं" तुम्हाला माहीत आहे. लग्नाआधी तुम्ही "मी शहरातच राहणार" असं म्हणाला होतात, तेव्हाही ती "बरं"च म्हणाली होती.

सुरुवातीचे आकडे अगदी गुणी होते. मग बर्फ वितळला, कोकिळा आल्या, आणि आकडे चढायला लागले. चढायला म्हणजे कसे, तर आज थोडे, उद्या जास्त, परवा थेट शून्याला जाऊन टेकलेले. त्यातही गंमत अशी की यंत्रात साठलेले सकाळचे आकडे जास्त आणि रात्रीकडचे कमी. तुयारा फोनवर म्हणाली, काका, हे असं कुठल्याच पुस्तकात नाही, परत बघा. मी परत बघितलं. तेच. झाकणही कुठे नाहीसं झालं होतं, ते वाऱ्याने गेलं असं मी धरून चाललो. (आमच्या मांजरीला त्याच सुमारास नवी बशी मिळाली होती. निरीक्षकाने निरीक्षण करावं ते कुठे कुठे.) सकाळी मी घरी नसतोच, आधी बॉयलर, पुढे गवत, त्यामुळे सकाळचं हे गौडबंगाल मला उलगडेना. आई मात्र रोज संध्याकाळी चौकशी करायची, कसा आहे रे तिचा ताप. मी म्हणायचो, वाढतोय. ती उसासा टाकायची आणि पिठात लोणी जरा जास्तच घालायची.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. किरीलचं न्हाणीघर. ते आपल्या कुंपणाला चिकटूनच, आणि त्यातला दगड एकदा तापला की दोन दिवस हात लावू देत नाही. माझी खात्रीच पटली की त्याची ऊब जमिनीतून आपल्या नळीत शिरतेय. शास्त्रीय पुरावा हवा म्हणून मी तापमापक घेऊन त्याच्या न्हाणीघरात जाऊन बसलो, आणि पुरावा इतका भक्कम मिळाला की किरीलने मला पाय धरून बाहेर ओढलं आणि तळ्यात बुडवून शुद्धीवर आणलं. शुद्धीवर येताच मी त्याला म्हटलं, तुझ्या अंघोळीपायी आख्खी आळी उठणार आहे. तो म्हणाला, आणि तुझ्या टायपायी काय होणार आहे? शब्दाने शब्द वाढला. गावाचे दोन तट पडले. जे त्याच्याकडे अंघोळीला जात ते त्याच्या बाजूने, आणि जे जात नसत ते माझ्या बाजूने, त्यामुळे माझ्या तटाच्या बैठका खिडक्या उघड्या ठेवूनच घ्याव्या लागत. शेवटी आईनेच मध्ये पडून किरीलला सांगितलं, बाळ, जमीन आजारी आहे, तिच्या उशाशी कशाला रोज भट्टी पेटवतोस, हलव की वर. आईपुढे कोणाचं काय चाललंय? गावाने एक-एक ओंडका काढून ते न्हाणीघर टेकाडावर नेऊन परत उभं केलं. किरील रुसून शेवटच्या ओंडक्यावर बसूनच वर गेला, उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या ऐटीत यंत्र जोडलं. आकडे आणखी वर. इतके वर की मला वाटलं यंत्र उलटं धरलंय. (त्यामागचं कारण आता कळलं. ओंडके वाहणाऱ्या माणसांसाठी आईने पातेलंभर चहा केला होता, आणि चांगलं काम झालं म्हणून त्यातलाच किटलीभर तिने भोकात रिता केला होता. पण मी पुढचं आधी सांगतोय.) तुयारा फोनवर म्हणाली की आता जिल्ह्याला कळवावंच लागेल. मी रात्रभर कुशीवर कुशी बदलत होतो. आई पलीकडे शांत घोरत होती, आणि हे छप्पर तिच्या डोक्यावरून माझ्याच हाताने लिहिलेल्या आकड्यांनी जाणार हा विचार डोक्यातून जात नव्हता. खरं सांगतो दाजी, मला रडू आलं.

गवत आटोपल्यावर समिती आली. तुयारा, तिच्याबरोबर जिल्ह्याचे एक साहेब, आणि साहेबांबरोबर त्यांची टोपी, जी ते सारखी काढून पुसत होते. भल्या सकाळीच आले, कारण त्यांना जेवायच्या आत परत जायचं होतं. सगळी आळी परसात जमली. साहेबांनी कलती कुंपणं बघितली, माझे आकडे बघितले, टोपी पुसली आणि म्हणाले की यात आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही, पुढच्या उन्हाळ्याआधी आळी रिकामी करावी लागेल. तुयारा तेवढी म्हणाली, थांबा, आधी तार वर काढून बघू. तार हलेना. मी ओढली, मग मी आणि किरीलने ओढली (त्या दिवसापर्यंत आम्ही बोलत नव्हतो, पण ओढायला काय हरकत), शेवटी गाडीला दोर बांधला. आणि नेमक्या त्याच वेळी घराचं दार उघडून आई बाहेर आली. डोक्याला रुमाल, हातात लाकडी पळी, पळीत वाफाळता चहा. सगळ्यांकडे बघून म्हणाली, "जरा सरका बरं, हिचं आधी होऊ दे, मग तुमचं काय ते चालवा." साहेब सरकले. आई नळीपाशी वाकली, काहीतरी पुटपुटली, आणि सगळ्या समितीदेखत पळीभर चहा तिने भोकात ओतला. मग पदराआडून, म्हणजे एप्रनच्या खिशातून, लोण्यातलं एक धिरडं काढलं, तुकडा केला आणि तोही टाकला.

दाजी, मी कपाळाला हात लावला तो बराच वेळ तिथेच राहिला. किरीलने गाडी पुढे घेतली आणि तार सुळकन वर आली. काय तिचं रूप! वरपासून खालपर्यंत दुधाळ बर्फाचा लगदा, लोण्याचे थर, मधल्या तापमापकाला गुंडाळलेलं अख्खं धिरडं, आणि नैवेद्याबरोबर जमिनीला वाहतात तसले घोड्याच्या शेपटीच्या केसांचे तीन-चार गोफ, म्हणजे शेजारणींनीही हात धुऊन घेतले होते. साहेबांनी विचारलं, हे काय आहे? किरीलने बोट लावून चाटलं, आईकडे बघितलं आणि म्हणाला, "चहा ओगदो काकूंचाच आहे. आळीत एवढं लोणी दुसरं कोणी घालत नाही." तुयारा आधी गंभीर होती. मग ती नळीला धरून खाली बसली आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. तिला हसू आवरत नव्हतं.

तुयाराने आईला विचारलं, आजी, हे का केलंत? तिने माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाली, हाच म्हणाला की जमिनीला ताप आलाय. आता तापाच्या माणसाला आपण काय देतो? गरम चहा, मऊ धिरडं, आणि शेजारी बसून दोन शब्द. चूल आणि जमीन, दोघींना पहिला घास द्यायचा हे तर आमच्या सासूबाईंनीही केलं, पण त्यांना बिचाऱ्यांना वरूनच ओतावं लागायचं, या लोकांनी पहिल्यांदाच थेट तोंडापर्यंत वाट करून दिली. आणि ताप वाढतोय असं हा रोज सांगायचा, म्हणून मीही चहा वाढवत नेला. तुम्हीच सांगा, आजाऱ्याला उपाशी ठेवायचं का? साहेबांनी टोपी घातली, काढली, आणि म्हणाले की या परिस्थितीत मला काही लिहिता येणार नाही. आईने त्यांना जेवायला बसवलं. ते संध्याकाळी गेले.

तेव्हापासून, दाजी, आळीत नुसती धमाल चालू आहे. जमिनीला काही झालेलं नाही, तो सगळा ओगदो काकूंचा चहा होता, असं म्हणत लोक एकमेकांना टाळ्या देतायत. रस्त्यात आई दिसली की माझ्याही घशात थोडा ओता, जुना ताप आहे, असं म्हणतात. आई रागावत नाही, उलट आपण एकटीने अख्खी पृथ्वी तापवली याचा तिला मनातून अभिमान वाटतो. किरील मला रोज विचारतो की माझं न्हाणीघर खाली कधी आणायचं, आणि ओंडके कोण वाहणार, त्यात कोणाचं नाव पहिलं. नळी धुऊन पुसून परत बसवली, झाकणाला कुलूप लागलं, मांजर परत जुन्या बशीत जेवते. एकंदरीत सगळं उत्तम आहे. घर उभं आहे, आई मजेत आहे, माझा टाय धुवायला टाकलाय. नारीयाताईला नमस्कार सांगा आणि हे पत्र तिच्यासमोर मोठ्याने वाचू नका, ब्लडप्रेशर आहे.

सदैव तुमचाच आज्ञाधारक (आईसमोर तिचा),
गाव्रिल, निरीक्षक

ता. क. किरीलबरोबर एक गोठवलेला मासा आणि लोण्याचा डबा पाठवला आहे. मासा तुमचा, लोणी ताईचं. उलट करू नका.

ता. क. २. दाजी, वर "सगळं उत्तम आहे" लिहिलंय ते पत्र आईने डोकावून वाचलं तर असावं म्हणून. आता ती गोठ्यात गेली आहे. ऐका. धुतलेल्या नळीतल्या आकड्यांचा अर्थ तुयाराने काल सांगितला. चहा नाही, धिरडं नाही, तरीही जमीन तापलेली आहे. चहाच्या दिवसांइतकी नाही, पण आहे. गावाबाहेर झाडीच्या कडेला संस्थेचं दुसरं भोक आहे, तिथे अस्वलाच्या भीतीने कोणी फिरकत नाही, चहा कुठला ओतणार. तिथलेही आकडे तसेच. मी तिला म्हटलं, पोरी, अस्वल चहा पीत असेल. ती हसली नाही. आळी हलणार. त्यातही आपलं घर आधी, कारण चुलीखालची जमीन बसली आहे आणि चुलीच्या मागे हात शिरेल एवढा तडा गेलाय. आई तिथे टॉवेल वाळत घालते म्हणून तिला अजून दिसलेला नाही. अशी चूल मी थंडीत पेटवू देऊ शकत नाही, आणि न पेटवता या घरात राहता येत नाही. मी बॉयलरच्या खोलीत झोपेन, मला सवय आहे. तिला तिथे कुठे झोपवू? (किरीलचं न्हाणीघर तेवढं सुखरूप आहे, माझ्या चुकीमुळे. हे मी त्याला सांगणार आहे, पण आई मार्गी लागल्यावर.)

ता. क. ३. म्हणून मागणी एवढीच. हा हिवाळा आईला तुमच्याकडे ठेवून घ्या. तुमचा चेहरा कसा झाला असेल हे मला इथून दिसतंय, तरी मागतो. चूल तडकली असं सांगितलं तर ती चुलीला मिठी मारून बसेल, म्हणून तुम्ही आजारी पडा. खिडकीतल्या फोनवर फोन करा आणि कण्हत सांगा की पडलो, अंथरुणाला खिळलो, नारीयाला एकटीला झेपत नाही, सासूबाई, तुम्हीच या. आजारी माणसाला ती नाही म्हणत नाही, हे आता जमिनीलाही कळलंय. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मी टेकाडावर नवं घर उभं करतो, जुन्याच ओंडक्यांचं, दार त्याच बाजूला. तोवर तिला यातलं काहीही कळता कामा नये. तिला कळलं तर माझ्यात तिच्याकडे बघायची ताकद नाही. पाकीट डिंकाने पक्कं चिकटवून तिच्याच हाती किरीलकडे धाडतो, म्हणजे संशय येणार नाही.

ता. क. ४. जावईबापू, ओगदोचा आशीर्वाद. पाकीट चहाच्या समोवारच्या वाफेवर उघडलं, डिंक पातळ होता. चुलीचा तडा मला गाव्रिलच्या आधी दिसला. ते टॉवेल वाळायला नाहीत, पोराला काळजी नको म्हणून टांगलेत. मी येते. पण मला कळलंय हे त्याला कळू देऊ नका, एवढं खोटं त्याने आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या मेहनतीने रचलंय. ठरल्याप्रमाणे आजारी पडा, मी घाबरल्यासारखं करीन. पोटाचा आजार काढू नका, मग मी केलेलं खाणार कोण. गुडघ्याचाच काढा, तो अर्धा खरा आहे. गाय किरीलकडे राहील, तिला सांगून झालंय. एकच विचारायचं होतं. तुमच्या इमारतीखाली म्हणे जमीन लागतच नाही, नुसते खांब आणि मधून वारा. तर सकाळचा पहिला चहा मी कुठे ओतायचा, तेवढं मी यायच्या आत बघून ठेवा.